कोरियन क्रियापदाची रूपं: धातूपासून ‘सुम्निदा’पर्यंत

कोरियन क्रियापद मराठी माणसाला एका बाबतीत सोपं जातं आणि एका बाबतीत हमखास फसवतं. सोपं अशासाठी की क्रियापद वाक्याच्या शेवटीच येतं. शिवाय ‘जातो, जाते, जातात’ अशी लिंग-वचन-पुरुषाची भानगडच नाही. मी, तू, ती, ते सगळे, कुणीही जावो, रूप एकच: गायो. फसगत होते ती आदराच्या जागी. मराठीत आदर एकाच ठिकाणी दिसतो, कर्त्याशी जुळणाऱ्या रूपात: ‘सर आले’. कोरियनमध्ये आदराच्या जागा दोन आहेत. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा मान एका प्रत्ययात असतो आणि ज्याच्याशी बोलतोय त्याचा मान दुसऱ्या प्रत्ययात. हे दोन वेगळे ठेवता आले की उरलेलं काम बेरजेचं आहे.

आधी लिप्यंतराबद्दल

इथे कोरियन शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाऊन लिहिले आहेत. ‘ऑ’ हा ‘ऑफिस’मधला. दीर्घ ‘ऊ’ नेहमीसारखा ओठ गोल करून म्हणायचा. ह्रस्व ‘उ’ मात्र ओठ गोल न करता, दोन्ही बाजूंना ताणून म्हणायचा. हा स्वर मराठीत नाही. ‘ज’ आणि ‘च’ नेहमी ‘जीव’ आणि ‘चिंच’मधले, ‘जहाज’ किंवा ‘चमचा’मधले नव्हेत.

हांगुल लिपीत धातूचं अक्षर बहुतेक वेळा बदलत नाही, उच्चार बदलतो. ‘खाणे’ या क्रियापदाचा धातू एकटा म्हटला तर ‘मॉक्’ ऐकू येतो, पुढे स्वर आला की तेच व्यंजन ‘ग’ होतं: मॉगॉयो. लिहिताना दोन्हीकडे अक्षर एकच. म्हणून हांगुल आधी शिकून घ्या. देवनागरी किंवा रोमनवर विसंबून राहिलात तर नियमित क्रियापदंही अनियमित वाटू लागतील.

पायरी १: धातू काढा

शब्दकोशात प्रत्येक क्रियापद ‘दा’ने संपतं, जसं मराठीत ‘णे’ने. ‘जाणे’मधून ‘णे’ काढून ‘जा’ मिळवतो तसंच इथे ‘दा’ काढायचा.

गादा (जाणे): गा
मॉक्ता (खाणे): मॉक्
बात्ता (घेणे, मिळणे): बात्
माशिदा (पिणे): माशि
बेऊदा (शिकणे): बेऊ

‘मॉक्ता’, ‘बात्ता’मध्ये ‘ता’ ऐकू आला तरी लिहिलेलं ‘दा’च असतं, आधीच्या व्यंजनामुळे तो कडक होतो.

पायरी २: धातूच्या शेवटाकडे दोनदा पाहा

पहिला प्रश्न: धातू स्वराने संपतो की व्यंजनाने? गा, माशि, बेऊ स्वरान्त. मॉक्, बात् व्यंजनान्त. अक्षराच्या तळाशी बसणाऱ्या या व्यंजनाला कोरियनमध्ये ‘बात्छिम’ म्हणतात.

दुसरा प्रश्न: धातूतला शेवटचा स्वर आ किंवा ओ आहे, की दुसरा कुठला? गा आणि बात् ‘आ-ओ’ गटात, मॉक्, माशि, बेऊ ‘इतर’ गटात.

सगळे प्रत्यय या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तीन घराण्यांत वाटले जातात. काही कशालाही न विचारता धातूला थेट चिकटतात (गो, जि, केत्). काही फक्त बात्छिम आहे का एवढं बघतात आणि असेल तर मध्ये ‘उ’ घालतात (शि, म्यॉन). तिसरं घराणं स्वर बघतं: ‘आ-ओ’ गटाला ‘आ’, इतरांना ‘ऑ’. पुढे भेटेल तो प्रत्येक नवा प्रत्यय कुठल्या घराण्यातला हे वहीत टिपून ठेवा. प्रत्येक क्रियापदाची पूर्ण सारणी पाठ करत बसण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

पायरी ३: रोजचं सभ्य रूप, ‘यो’वालं

दुकानदार, शेजारी, अनोळखी माणूस, ओळखीतले सहकारी, सगळ्यांशी चालणारं हे रूप. नवख्याने पहिले काही महिने एवढंच पक्कं केलं तरी हरकत नाही. प्रत्यय ‘आयो’ किंवा ‘ऑयो’.

बात् + आयो = बादायो
मॉक् + ऑयो = मॉगॉयो

व्यंजनान्त धातू इथेच संपले. स्वरान्त धातूंत दोन स्वर समोरासमोर येतात आणि जुळून जातात. नवखे इथेच अडखळतात.

गा + आयो = गायो (दोन ‘आ’ मिळून एकच)
ओ + आयो = वायो (येणे)
बो + आयो = ब्वायो (पाहणे)
बेऊ + ऑयो = बेवॉयो
माशि + ऑयो = माशॉयो
गिदारि + ऑयो = गिदार्‍यॉयो (वाट पाहणे)
बोने + ऑयो = बोनेयो (पाठवणे; ‘ए’पुढे ‘ऑ’ गळतो)

आपल्या संधीच्या नियमांची ज्यांना सवय आहे त्यांना उ+ऑ = वॉ आणि इ+ऑ = यॉ यात नवल वाटू नये; ‘सु+आगत’चं ‘स्वागत’ होतं त्याच वाटेने हे जातं.

‘हादा’ (करणे) वेगळं चालतं: हेयो. हे एक अपवादी क्रियापद लगेच पाठ करा, कारण ‘अभ्यास करणे’ (गोङ्बूहादा) सारखी शेकडो क्रियापदं याच्यावर उभी आहेत.

एकच ‘गायो’ विधान, प्रश्न, सूचना आणि ‘चला, जाऊ या’ असं आमंत्रण, चारही कामं करतं. फरक फक्त सुराचा. प्रश्नात शेवट वर जातो. आणि ‘उद्या जातो’ म्हणताना मराठीत वर्तमानकाळ चालतो तसा इथेही चालतो: नेइल गायो.

पायरी ४: भूतकाळ

वर्तमानकाळाच्या रूपातला ‘यो’ काढा, उरलेल्या शेवटच्या अक्षराखाली जोड-‘स’ ठेवा, पुढे ‘ऑयो’ लावा.

गायो: गास्सॉयो
मॉगॉयो: मॉगॉस्सॉयो
बादायो: बादास्सॉयो
वायो: वास्सॉयो
माशॉयो: माशॉस्सॉयो
बेवॉयो: बेवॉस्सॉयो
हेयो: हेस्सॉयो

जोड-‘स’च्या पुढचा स्वर नेहमी ‘ऑ’ असतो. धातूत ‘आ’ आहे म्हणून ‘गास्सायो’ करणं ही पहिल्या महिन्यातली ठरलेली चूक आहे. स्वरांची निवड धातूला लागून एकदाच होते, दुसऱ्यांदा नाही.

‘गास्सॉयो’ आणि ‘गास्सॉस्सॉयो’ यांत मराठी माणसाला फार डोकं लढवावं लागत नाही. ‘तो बुसानला गेला’ म्हटलं तर तो अजून तिथे असू शकतो. ‘गेला होता’ म्हटलं की परत आला. जोड-‘स’ दोनदा आला की कोरियनमध्येही हाच अर्थ.

पायरी ५: भविष्यकाळ, एक नव्हे तीन

धातूला ‘(उ)ल्’ लावून पुढे ‘कॉयेयो’ हे सर्वसाधारण भविष्य: गाल् कॉयेयो, मॉगुल् कॉयेयो, बादुल् कॉयेयो. बेत सांगायला किंवा अंदाज बांधायला. ‘कॉयेयो’तला ‘क’ लिहिताना साधा ‘ग’ असतो, आधीच्या ‘ल’मुळे कडक ऐकू येतो.

‘(उ)ल्केयो’ म्हणजे समोरच्याला दिलेला शब्द: ‘मी करतो हं’. नेगा हाल्केयो. कर्ता फक्त ‘मी’ किंवा ‘आम्ही’. ‘तो येईल’साठी हे वापरलं की वाक्य चुकलंच. यातही ‘के’ लिहिताना साधा ‘गे’ लिहायचा. बोलण्यात कडक येतो म्हणून कोरियन लोकही दुहेरी अक्षर लिहून जातात, पण ते शुद्धलेखनात बसत नाही.

‘केत्’ थेट धातूला लागतो: गागेत्सुम्निदा, मॉक्केत्सुम्निदा. ठाम इरादा, औपचारिक निवेदन आणि डोळ्यांसमोरचा अंदाज हे याचे विषय. हवामानाच्या बातम्यांत पाऊस ‘ओगेत्सुम्निदा’ असतो. जेवायला बसताना म्हणतात ते ‘चाल् मॉक्केत्सुम्निदा’ यातलंच. ताटाकडे बघून ‘चविष्ट असणार’ म्हणायचं तर ‘माशित्केस्सॉयो’.

चालू काळासाठी धातूला ‘गो’ लावून ‘इस्सॉयो’: गागो इस्सॉयो (जातोय), मॉक्को इस्सॉयो (खातोय). सापळा ‘बसणे’सारख्या क्रियापदांत आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल ‘आन्को इस्सॉयो’ म्हटलं तर तो बसण्याच्या क्रियेत, अर्ध्यावर आहे असं होतं. ‘बसला आहे’साठी ‘आन्जा इस्सॉयो’.

पायरी ६: ऐकणाऱ्याप्रमाणे शेवट बदला

व्याकरणाची पुस्तकं साधारण सहा पातळ्या सांगतात. आजच्या बोलण्या-लिहिण्यात चार पुरतात. ऐतिहासिक के-ड्रामातून उचललेले ‘गाओ’, ‘हाओ’ हे शेवट उरलेल्या दोनांपैकी एका पातळीचे आहेत. दुकानात वापरलेत तर समोरचा गालातल्या गालात हसेल.

पहिली पातळी औपचारिक. बातम्या, सूचना, मुलाखत, सादरीकरण, सैन्य, ग्राहकसेवा. स्वरान्त धातूच्या तळाशी ‘प्’ बसवून ‘निदा’, व्यंजनान्ताला ‘सुम्निदा’. ‘न’च्या आधी ‘प’चा ‘म’ होतो, म्हणून लिहिलेलं ‘गाप्निदा’ उच्चारात ‘गाम्निदा’.

गाम्निदा, मॉक्सुम्निदा, बात्सुम्निदा
भूतकाळ: गात्सुम्निदा, मॉगॉत्सुम्निदा
भविष्यकाळ: गाल् कॉम्निदा, मॉगुल् कॉम्निदा
प्रश्न: ‘दा’च्या जागी ‘क्का’. गाम्निक्का? मॉक्सुम्निक्का?
विनंती: गाशिप्शिओ, बादुशिप्शिओ

भूतकाळाचं अक्षर व्यंजनाने संपतं, म्हणून तिथे नेहमी ‘सुम्निदा’च. जुन्या पाट्यांवर किंवा छापील मजकुरात याचं ‘उप्निदा’ हे लेखन दिसलं तर गोंधळू नका. १९८८ साली जाहीर झालेल्या नियमांनी ‘सुप्निदा’ हे एकच लेखन प्रमाण ठरवलं.

याच पातळीत ‘गाप्शिदा’ (चला, जाऊ या) आहे. दिसायला औपचारिक असलं तरी वरिष्ठांना ते म्हणायचं नाही, हुकूम सोडल्यासारखं लागतं. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

दुसरी पातळी ‘यो’वाली, ती वर झाली. औपचारिक प्रसंगातही माणसं दोन्ही मिसळून बोलतात, सगळी वाक्यं ‘सुम्निदा’ने संपवली तर निवेदन वाचल्यासारखं वाटतं.

तिसरी, जवळिकीची: ‘यो’ गाळा, झालं. गा, मॉगॉ, गास्सॉ, मॉगॉस्सॉ. भविष्यात मात्र ‘कॉयेयो’चं ‘कॉया’ होतं: गाल् कॉया. बनवायला सगळ्यात सोपी आणि वापरायला सगळ्यात जोखमीची पातळी ही. समवयस्क मित्र, धाकटी भावंडं, लहान मुलं एवढ्यांपुरती. वयात एका वर्षाचं अंतर असलं तरी मोठ्याने ‘आता मोकळं बोल’ म्हणेपर्यंत थांबायची रीत आहे. मराठीत ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’वर यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून इथे सावकाश जा.

चौथी, कोरी पातळी: गान्दा, मॉङ्नुन्दा, गात्ता, मॉगॉत्ता. वर्तमानकाळात स्वरान्ताला ‘न्दा’, व्यंजनान्ताला ‘नुन्दा’. बोलण्यात ती वरून खाली किंवा स्वतःशी येते, पण वर्तमानपत्रं, निबंध, रोजनिशी याच पातळीत लिहितात, कारण तिथे समोर कुणी विशिष्ट ऐकणारा नसतो. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या वरच्या टप्प्यातले निबंधही यातच लिहायचे असतात. ‘यो’ लावलेला निबंध कितीही बरोबर असला तरी गुण जातात. ‘जाऊ या’ इथे ‘गाजा’, ‘खाऊ या’ ‘मॉक्चा’. मित्रांत हे सर्रास चालतं.

पायरी ७: कर्त्याचा मान, ‘शि’

धातूच्या लगेच पुढे, काळाच्या आधी ‘(उ)शि’. गा: गाशि. बात्: बादुशि. मग हाच नवा धातू समजून बाकीचे प्रत्यय लावा.

गाशिम्निदा, गाशॉत्सुम्निदा, गाशिल् कॉयेयो, गाशॉस्सॉयो

फक्त ‘यो’च्या वर्तमानकाळात नियम मोडतो: ‘गाशॉयो’ऐवजी ‘गासेयो’, ‘बादुसेयो’. त्यावरून भूतकाळ बनवायला जाऊन ‘गासेस्सॉयो’ म्हणू नका. भूतकाळ ‘शि’पासून बनतो, ‘से’पासून नाही.

आता दोन मान एकत्र ठेवून पाहा.

मित्राला, आजीबद्दल: हाल्मॉनि गाशॉस्सॉ.
शिक्षकांना, धाकट्या भावाबद्दल: दोङ्सेङि गात्सुम्निदा.
मुख्याध्यापकांना, शिक्षकांबद्दल: सॉन्सेङ्निमि गाशॉत्सुम्निदा.
मित्राला, धाकट्या भावाबद्दल: दोङ्सेङि गास्सॉ.

पहिल्या वाक्यात आजीला मान आहे आणि मित्राशी सलगी. दुसऱ्यात भावाला ‘शि’ नाही, पण ऐकणारे शिक्षक म्हणून ‘सुम्निदा’ आहे. मराठी बोलणारे दोन ठिकाणी घसरतात. मराठीत ‘आजी गेली गावाला’ हे प्रेमाचं बोलणं, त्यामुळे आजीला ‘शि’ लावायचं सुचत नाही. उलट शिक्षकांशी बोलतोय या दडपणाखाली स्वतःच्याच क्रियेला ‘शि’ लागतो. ‘मी आलो’ला ‘शि’ कधीच नाही. तो स्वतःलाच ‘मी आलात’ म्हणण्यासारखा प्रकार आहे.

काही धातूंना ‘शि’ न लावता वेगळंच क्रियापद येतं. खाणे-पिणे: दुशिदा. झोपणे: जूमूशिदा. (माणसाचं) असणे: गेशिदा. म्हणून वडीलधाऱ्यांना ‘खाल्लंत का?’ विचारायचं तर ‘मॉगुशॉस्सॉयो’ नव्हे, ‘दुशॉस्सॉयो?’

आणि ‘तुम्ही’ शोधू नका. शब्दकोश ‘दाङ्शिन’ देतो, पण अनोळखी माणसाला तोंडावर तसं म्हणणं भांडणाची सुरुवात वाटू शकते. हुद्द्याने संबोधा किंवा नावापुढे ‘शी’ लावून बोला, नाहीतर कर्ता सरळ गाळा. तुम्ही कुणाबद्दल बोलताय ते ‘गासेयो?’मधला ‘शि’च सांगतो.

जागांचा क्रम

धातू, मग ‘शि’, मग भूतकाळ, मग ‘केत्’, शेवटी ऐकणाऱ्याचा प्रत्यय. हा क्रम कधीच उलटत नाही. सगळ्या जागा भरलेलं रूप: गा + शि + ऑस्स + केत् + सुम्निदा = गाशॉत्केत्सुम्निदा, ‘(ते) गेले असतील’, कर्ता आदरणीय, ऐकणाराही. लांब शब्द दिसला की शेवटाकडून एकेक प्रत्यय सोडवत मागे या. ऐकतानाही हीच सवय उपयोगी पडते.

नकार

बोलण्यात क्रियापदाआधी ‘आन्’: आन् गायो, आन् मॉगॉयो. लिहिण्यात धातू + ‘जि आनायो’: गाजि आनायो, मॉक्ची आनायो. जमत नाही म्हणून नसेल तर ‘मोत्’: मोत् कायो. ‘गोङ्बूहादा’सारख्यांत ‘आन्’ मध्ये घुसतो, पुढे नाही: गोङ्बू आन् हेयो. आपण आज्ञेत ‘नाही’ टाकून ‘नका’ घेतो, तसंच कोरियनही वेगळा शब्द घेतं: गाजि मासेयो, जाऊ नका.

नियमित आहे हे कसं ओळखायचं

रूप बघून ओळखता येत नाही, ही अडचण खरी आहे. ‘बात्ता’ नियमित, बादायो. तशाच शेवटाचं ‘दुत्ता’ (ऐकणे) मात्र दुरॉयो. ‘इप्ता’ (कपडे घालणे) इबॉयो, पण ‘दोप्ता’ (मदत करणे) दोवायो. यात गोष्ट एकच सोयीची: बिघाड होतो तो पुढे स्वर आला तरच. ‘दुत्सुम्निदा’, ‘दोप्सुम्निदा’ ही औपचारिक रूपं नियमितच राहतात. म्हणून नवीन क्रियापद वहीत लिहिताना शब्दकोशातलं रूप आणि ‘यो’चं रूप अशी जोडी लिहा. जोडी दिसली की बाकी सगळं काढता येतं.

‘ल’ने संपणारे धातू न, ब, स यांच्यापुढे ‘ल’ गाळतात: साल्दा (राहणे) साम्निदा, सासेयो. ‘विकत घेणे’ (सादा) याचीही हीच रूपं, तेव्हा अर्थ संदर्भावर सोडावा लागतो.

सरावाला चार नियमित धातू. उत्तरं झाकून करा. क्रम ‘यो’, भूतकाळ, भविष्य, औपचारिक, ‘शि’सह ‘यो’.

मान्नादा (भेटणे): मान्नायो, मान्नास्सॉयो, मान्नाल् कॉयेयो, मान्नाम्निदा, मान्नासेयो
आन्ता (बसणे): आन्जायो, आन्जास्सॉयो, आन्जुल् कॉयेयो, आन्सुम्निदा, आन्जुसेयो
ऊत्ता (हसणे): ऊसॉयो, ऊसॉस्सॉयो, ऊसुल् कॉयेयो, ऊत्सुम्निदा, ऊसुसेयो
गिदारिदा (वाट पाहणे): गिदार्‍यॉयो, गिदार्‍यॉस्सॉयो, गिदारिल् कॉयेयो, गिदारिम्निदा, गिदारिसेयो